काकू, केकसाठी आभार आणि सौदे अडवल्याबद्दलही

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणून मोकळ्या होता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, म्हणजे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही. शिवाय चलनबाजाराची जी शिकवणी तुम्ही मला चहावर दिलीत, तिच्यासाठी लोक भरमसाट फी घेतात आणि बहुतेक वेळा नेमकं उलटं शिकवतात. तेव्हा इतरांच्याही कानावर पडलेलं बरं.

बँकेच्या परकीय चलन विभागात उभी नोकरी केलेल्या बाईकडे जाऊन मी विचारलं होतं, "काकू, युरो घ्यायचा की डॉलर?" तुम्ही उत्तरच दिलं नाहीत. लिंबू आणि किसणी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "केक ओव्हनमध्ये जाईपर्यंत पैशांचं बोलायचं नाही." पुढे तोच रिवाज झाला. आधी घाणा, मग गणित.

गणिताचं आधी सांगते, कारण तुमचा खरा उपकार तिथे आहे. पहिल्या दिवशी तुम्ही चार्ट दाखवलाच नाहीत. पाठकोरा कागद घेतलात आणि लिहिलंत: खात्यात 1000 डॉलर. एका सौद्यात जास्तीत जास्त किती गेले तर झोप उडणार नाही? एक टक्का, म्हणजे 10 डॉलर. आता युरो-डॉलरच्या जोडीत आपला अंदाज कुठे चुकला असं मानायचं? समजा 25 पिप खाली. पिप म्हणजे भाव हलण्याचं छोटं माप, या जोडीत दशांशानंतरचं चौथं घर, 0.0001. येनच्या जोड्यांत मात्र दुसरं घर. मायक्रो लॉट 1000 युरोचा, त्यात एका पिपला 10 सेंट. 25 पिपला अडीच डॉलर. 10 भागिले अडीच, चार मायक्रो लॉट. मी खूश होऊन चार लिहिले, तर तुम्ही पेन काढून घेतलंत. "स्प्रेड, म्हणजे घेण्याच्या आणि विकण्याच्या भावातला फरक, तो कोण देणार? आणि स्टॉप-लॉस, म्हणजे ठरल्या भावाला सौदा आपोआप बंद करून तोटा थांबवणारी ऑर्डर, तो थोडा घसरून लागला तर? तीन लिही."

मग त्याच कागदावर खाली विचारलंत, तीन लॉट म्हणजे किती युरो? तीन हजार. खात्यात आहेत हजार डॉलर. म्हणजे इतकं जपूनही मी स्वतःजवळच्या पैशांच्या तिपटीहून मोठा व्यवहार करणार होते! लिव्हरेज, म्हणजे ब्रोकरच्या उसन्या बळावर खात्याहून मोठा सौदा, मला कुणी एवढ्या सोप्या रीतीने दाखवलं नव्हतं. जाहिरातीत 1:100 हा आकडा बक्षिसासारखा छापतात. पूर्ण वापरला तर भाव एक टक्का विरुद्ध गेला की खातं रिकामं, हे कुणी छापत नाही. युरोपच्या बाजार नियामकाने 2018 मध्ये किरकोळ गुंतवणूकदारांसाठी प्रमुख जोड्यांवर 1:30 ची मर्यादा घातली. असल्या लिव्हरेजच्या करारांत 74 ते 89 टक्के किरकोळ खाती तोट्यात असतात, हेही त्याच सुमाराला त्यांनी जाहीर केलं. तो आकडा तुम्ही मला दोनदा मोठ्याने वाचायला लावलात. आपण उरलेल्यांत बसू, असं प्रत्येकाला वाटतं, मलाही वाटलं. तुम्ही नुसत्या हसलात.

"स्टॉप-लॉस लावला की निश्चिंत," असं मी म्हटलं, त्यावर 15 जानेवारी 2015 ची गोष्ट निघाली. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने एका युरोला किमान 1.20 फ्रँक हा भाव सप्टेंबर 2011 पासून धरून ठेवला होता. त्या सकाळी तो आधार काढून घेतला आणि काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला. मधल्या भावांना घेणारंच कुणी नव्हतं, त्यामुळे 1.19 ला लावलेले स्टॉप कितीतरी खाली जाऊन लागले. काही ब्रोकरही बुडाले. ही गोष्ट सांगताना तुमचा आवाज बदलतो, काकू. तुम्ही तेव्हा पडद्यासमोर होतात का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

त्या दिवसापासून तुमचे दोन नियम मी सोडलेले नाहीत. व्याजदराचा निर्णय किंवा अमेरिकेतल्या रोजगाराचे आकडे येणार असतील, तर आधी हात रिकामे करायचे. आणि रात्रभर सौदा उघडा ठेवायचा, तर स्वॅप, म्हणजे त्या रात्रीच्या व्याजाचा हिशोब, किती लागेल हे पाहूनच ठेवायचा. सहसा बुधवारी तो तीन दिवसांचा एकदम लागतो. पण सगळ्यात मोलाची ठरली ती वही. ऑर्डर देण्याआधी त्यात तीन ओळी: का घेतेय, कुठे चुकले असं मानणार, किती जाणार. पहिली ओळ "वाटतंय म्हणून" अशी असेल तर वही मिटायची. डेमो खात्यावर, म्हणजे खोट्या पैशांच्या सरावावर, महिनोन् महिने हेच करून घेतलंत, आणि आधी आपल्या देशाचा नियामक कुठल्या जोड्या आणि कुठले ब्रोकर चालू देतो ते बघायला पाठवलंत. कंटाळा यायचा. आता कळतं की मी न केलेल्या सौद्यांची यादी हीच माझी खरी कमाई आहे.

आणि केक! त्याचे आभार वेगळे मानायचेत, कारण तो नुसता शिकवणीचा बहाणा नव्हता. बाजारातला लिंबाचा केक वरून पिवळा आणि आत लाकडाचा भुसा असतो. तुमचा तिसऱ्या दिवशीही ओलसर राहतो.

तुमच्याच शब्दांत लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही करता येईल. दोन लिंबांची फक्त पिवळी साल किसायची. पांढरं लागलं की कडू. ती 200 ग्रॅम साखरेत घालून बोटांनी चोळायची. साखर ओल्या वाळूसारखी होते आणि घरभर वास सुटतो. चव या सालीच्या तेलात असते, रस फक्त आंबटपणा देतो. मग तीन अंडी, 200 ग्रॅम घट्ट दही, दोन चमचे रस. 200 ग्रॅम मैदा, दोन लहान चमचे बेकिंग पावडर आणि चिमूट मीठ चाळून घ्यायचं आणि पीठ दिसेनासं होईपर्यंतच ढवळायचं. पुढे घोटत बसलं की केक चिवट होतो. शेवटी 120 मिली बिनवासाचं तेल. लोणी गार झालं की घट्ट होतं, तेल पातळच राहतं, म्हणून केक दुसऱ्या दिवशीही मऊ लागतो. 170 अंशांवर साधारण 45 ते 50 मिनिटं. काडी घालून पाहिली की तिला दोनचार ओले कण चिकटायला हवेत. अगदी कोरडी निघाली तर उशीर झाला. केक गरम असतानाच भोकं पाडून 60 मिली रसात 60 ग्रॅम साखर विरघळवलेला पाक चमच्याचमच्याने घालायचा. माझा हात इथे घाई करतो आणि पाक कडेने खाली जातो. तुम्ही मात्र एकेक चमचा जिरेपर्यंत थांबता.

इतकं सगळं शेजारी शेजारी चालू असून तुम्ही एकदाही "बघ, केक आणि बाजार सारखेच" असं म्हणाला नाहीत. त्याबद्दलही आभार. म्हणाला असतात तर मी बहुधा दोन्ही सोडलं असतं.

एक मागणं आहे. ऑफिसातला एक मुलगा मागे लागलाय, त्याला "रोज नक्की नफा" देणाऱ्या कुणीतरी गटात ओढलंय. त्याला मी तो पाठकोरा कागद दाखवला, तर म्हणाला, "तीन मायक्रो लॉटवर काय मिळणार?" माझ्याच्याने पुढचं झालं नाही. येत्या रविवारी त्याला घेऊन येऊ का? किसणीचं काम त्याला देऊ.

काकांना नमस्कार. कळावे, लोभ आहेच, तो असाच असावा.

तुमची,
ओट्यापाशी शिकलेली विद्यार्थिनी