'करणारा' आणि 'करणारी'

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत गेल्या आठवड्याच्या क्रीडा प्रश्नमंजूषेची उत्तरं आली. प्रश्न सातवा : 'फुटबॉल वर्ल्डकपमध्ये सर्वाधिक गोल करणारा खेळाडू कोण?' आपलं उत्तर : मिरोस्लाव क्लोसे, जर्मनी, 16 गोल. माझ्या नातीचं उत्तर : मार्ता, ब्राझील, 17 गोल. सोळापेक्षा सतरा जास्त, हे बालवाडीतही कळतं. आपल्याकडे मात्र तिचं उत्तर चूक धरलं गेलं आणि 'दहापैकी दहा'वाल्यांच्या यादीत तिचं नाव आलं नाही.

बक्षीस होतं स्टीलची पाण्याची बाटली. बाटलीचं मला काही नाही. घरात चार आहेत, त्यांतल्या दोघींची झाकणं हरवलेली. पण यादी छापून येणार म्हणून पोरगी सकाळी सहाला उठून दारात उभी होती.

मी लगेच आपल्या कार्यालयात फोन केला. पलीकडचे गृहस्थ अतिशय नम्र होते, हे आधी नोंदवतो. म्हणाले, "सर, प्रश्न वर्ल्डकपचा होता. महिला वर्ल्डकपचा नव्हता." मी विचारलं, तसं प्रश्नात कुठं म्हटलंय? तर म्हणाले, "'करणारा' असं लिहिलंय ना सर. 'करणारी' नाही लिहिलं."

अडतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. 'खेळाडू' हा शब्द बाईला चालतो, बाप्यालाही चालतो. 'ती चांगली खेळाडू आहे' म्हटल्यावर आजवर कुणी माझी चूक काढलेली नाही. आणि कोण ते ठाऊक नसलं, की मराठीत पुल्लिंगीच रूप येतं. आपल्याकडच्या मुद्रितशोधकांना विचारा, अजून कुणी ठेवले असतील तर. आमच्या शाळेच्या भिंतीवर 'येथे थुंकणाऱ्यास दंड होईल' अशी पाटी होती. थुंकणारीला माफी असल्याचं मला तरी आठवत नाही.

फिफा पुरुषांच्या स्पर्धेला नुसतं वर्ल्डकप म्हणते आणि बायकांच्या स्पर्धेच्या नावात 'महिला' घालते, हे मला माहीत आहे. त्या हिशेबानं आपलं बरोबर असेलही. मग प्रश्नात 'पुरुषांच्या' एवढा एक शब्द घालायचा. जागा नव्हती म्हणावं, तर शेजारीच गुडघेदुखीच्या तेलाची पाव पान जाहिरात आहे.

आता खरं ते सांगतो. कूपन भरताना मीच तिला "क्लोसे लिही" म्हणालो होतो. आणि ते नाव मी काही आनंदानं घेत नाही. आमची गल्ली ब्राझीलची. 2014 च्या जुलैत बेलो होरिझोंटेच्या ब्राझील-जर्मनी सेमीफायनलला रात्री दीड वाजता तालमीसमोर पडदा बांधून आम्ही दोनशे माणसं बसलो होतो. तेविसाव्या मिनिटाला क्लोसेनं गोल मारला. त्याचा सोळावा. ब्राझीलच्या रोनाल्डोचा पंधराचा विक्रम, ब्राझीलच्या ग्राउंडवर, ब्राझीलच्याच समोर मोडला. पुढच्या सहा मिनिटांत आणखी तीन गोल. हाफटाइमला 5-0. चहावाल्यानं स्टोव्ह बंद केला. पलीकडच्या गल्लीतल्या अर्जेंटिनावाल्यांनी माळ लावली. 7-1 होऊन सामना संपला तेव्हा पडद्यासमोर अकरा जण उरलो होतो. मोजले होते म्हणून सांगतो. एक टीम झाली असती.

तर त्या क्लोसेचं नाव मी सांगितलं आणि नात म्हणाली, "आबा, त्याचा रेकॉर्ड कवाच मोडलाय. आपल्याच बाईनं मोडलाय."

आपल्याच बाईनं! म्हणजे ज्या माणसाच्या नावानं मी इतकी वर्षं बोटं मोडतोय, त्याचा हिशेब 18 जून 2019 ला फ्रान्समधल्या वालेन्सिएनला, इटलीविरुद्धच्या एका पेनल्टीवर चुकता झाला होता आणि मला पत्ता नाही. पत्ता का नाही? कारण चाळीस वर्षं मी आपलाच पेपर वाचतो.

मग तिनं मोबाइलवर 2007 चा एक गोल दाखवला. चीनमधलं हांगझोउ, सेमीफायनल, समोर अमेरिका. त्या संघाला त्याआधीच्या 51 सामन्यांत कुणी हरवलेलं नव्हतं. मार्ता डावीकडे, बॉक्सच्या कडेला, गोलकडे पाठ करून उभी. पाठीला चिकटून अमेरिकेची बॅक, म्हणजे बचावपटू. बॉल आला तसा मार्तानं टाचेनं बॅकच्या एका अंगानं मागं सोडला आणि स्वतः दुसऱ्या अंगानं वळली. बॅक बिचारी मधल्यामध्ये. बॉल धरू का माणूस धरू. दुसरी बॅक आडवी आली, तिला आतल्या बाजूला कट मारला आणि बॉल गोलकीपरला चुकवून जाळीत. 4-0. मी तो तुकडा सात-आठ वेळा बघितला. मध्ये एकदा चष्मा पुसून बघितला. आमच्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर असा टर्न कुणी मारला असता, तर पेठेत दोन पिढ्या त्याचं नाव निघालं असतं.

त्या एका स्पर्धेत तिचे सात गोल. फायनलला जर्मनीसमोर तिनं पेनल्टी घालवली आणि ब्राझील 2-0 नं हरलं, हेही नातीनंच सांगितलं. पोरगी भक्त आहे, पण हिशेबाला चोख.

बाकीचंही मग मी विचारून घेतलं. ब्राझीलमध्ये 1941 पासून 1979 पर्यंत बायकांना फुटबॉल खेळायला कायद्यानं बंदी होती. ब्राझीलमध्ये! मी समजत होतो तिथं बाळ रांगायच्या आधी बॉलला पाय लावतं. बंदी उठून सात वर्षं झाली असतील, तेव्हा, 1986 ला, अलागोआस राज्यातल्या दोइस रियाशोस नावाच्या कोरड्या मुलखातल्या गावात ही जन्मली. पोरांच्यात खेळून मोठी झाली. चौदाव्या वर्षी एसटीसारख्या बसमध्ये बसली ती तीन दिवसांनी रिओला उतरली, वास्को द गामा क्लबात खेळायला. पुढं स्वीडनच्या बर्फात, उमिओला. 2006 ते 2010 सलग पाच वर्षं जगातली सर्वोत्कृष्ट, आणि 2018 ला सहाव्यांदा. वर्ल्डकप मात्र सहा खेळूनही एकदा हाती लागला नाही.

कालच्याच पानावर नेमारच्या दुखापतींवर अर्धं पान लेख आहे. त्यात चौकट : 'ब्राझीलकडून सर्वाधिक गोल – नेमार 79, पेले 77.' मार्ता शंभराच्या पुढं गेली त्याला किती वर्षं झाली! चौकटीत तिसरी ओळ बसली नसती का? का चौकटीलाही 'करणारा'च लागतो?

आणि हे काही पहिल्यांदा नाही. 2022 ला घानाविरुद्ध क्रिस्टियानो रोनाल्डोनं पाचव्या वर्ल्डकपमध्ये गोल केला, तेव्हा आपण चार कॉलमी मथळ्यात छापलं होतं, 'असा जगातला पहिलाच खेळाडू'. कात्रण माझ्याकडे आहे. मी शाळेच्या फलकासाठी कात्रणं काढायचो, ती सवय गेली नाही. मार्तानं ते 2019 लाच करून ठेवलं होतं, 2003 पासूनच्या पाचही स्पर्धांत गोल मारून. त्या वर्षी तिच्या काळ्या बुटांवर कुठल्याच कंपनीचं चिन्ह नव्हतं. पुरुषांपेक्षा कमी पैशांच्या करारावर सही करणार नाही म्हणाली, आणि चिन्हाच्या जागी गुलाबी-निळी 'बरोबर'ची खूण लावली. गणितात असते ती, दोन आडव्या रेघांची. आपल्या प्रश्नमंजूषा विभागाला ती पाठवावी म्हणतो.

2026 च्या जूनमधल्या वर्ल्डकपमध्ये मेस्सी किंवा एम्बापे क्लोसेच्या पुढं जातीलही. 2022 च्या वर्ल्डकपअखेर मेस्सी 13 वर होता, एम्बापे 12 वर. गेलेच तर आपण पहिल्या पानावर 'विश्वविक्रम' छापाल. तेव्हा सतराव्या गोलापाशी जरा थांबा, एवढीच विनंती.

निवृत्त झालेल्या बाईचं कौतुक करतोय असंही समजू नका. गेल्या 2 ऑगस्टला, म्हणजे 2025 च्या, क्विटोला कोपा अमेरिकाची फायनल झाली. समोर कोलंबिया. मार्ता 39 वर्षांची, बदली खेळाडू म्हणून उतरली. ब्राझील 3-2 नं मागं, नव्वद मिनिटं उलटून गेलेली, आणि हिनं बॉक्सच्या बाहेरून हाणला. बरोबरी. जादा वेळेत आणखी एक. शेवटी 4-4. टायब्रेकरला तिचीच पेनल्टी अडवली गेली, तरी कप ब्राझीलनं जिंकला. नातीनं सकाळी सगळ्या घराला उठवलं. दुसऱ्या दिवशी आपल्या क्रीडा पानावर मी ही बातमी भिंग घेऊन शोधली. कबड्डीच्या निवड चाचणीखाली तीन ओळी सापडल्या. त्यात नाव 'मार्था'.

पत्र लिहितोच आहे तर आणखी एक. गेल्या महिन्यात नातीच्या शाळेच्या मुलींनी आंतरशालेय सामना 3-0 जिंकला. आपण छापलं : 'मुलींच्या गटातही सामने रंगले.' कोण जिंकलं, कुणी गोल केले, काही नाही. मुलांच्या सामन्यात मात्र कॉर्नर कुणी घेतला, हेडर कुणाचा थोडक्यात हुकला, सगळं सविस्तर. भारताच्या मुली 2025 च्या जुलैत थायलंडला त्यांच्याच घरात 2-1 हरवून आशिया कपला पात्र ठरल्या, ती बातमी हवामानाच्या तक्त्याखाली होती. शाळेच्या त्या तीन गोलांपैकी दोन आमच्या पोरीचे होते, म्हणून पोटात दुखतंय, असं कुणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही.

शिवाय रविवारची पुरवणी अंकात घालायला आपला विक्रेता वरचेवर विसरतो. कालची मी शेजाऱ्यांकडून आणली. महिन्याचं बिल द्यायला तो कधी विसरलेला नाही.

असो. कालच्या नव्या मंजूषेत प्रश्न तिसरा आहे : 'एकदिवसीय क्रिकेटमध्ये द्विशतक झळकावणारा पहिला फलंदाज कोण?' आपल्याला सचिन तेंडुलकर, ग्वाल्हेर, 2010 हे उत्तर हवं असणार. सचिनबद्दल आमच्या घरात कुणी वावगं बोलत नाही. पण ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कनं डेन्मार्कविरुद्ध नाबाद 229 केल्या त्या 1997 च्या डिसेंबरात, आणि कुठं, तर आपल्या मुंबईत.

कूपन सोबत जोडलं आहे. बाकीची नऊ उत्तरं नातीनं शाईनं लिहिली आहेत, तिसरं पेन्सिलनं. शुक्रवारच्या आत कळवलंत, तर ती येऊन त्यावर पेन फिरवून जाईल.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर