प्रतिरोधाची किंमत जीवाणू फेडून टाकतात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

प्रतिजैविकांचा वापर आवरला की जीवाणूंमधला प्रतिरोध आपोआप ओसरेल, असा दिलासा आरोग्यविषयक लेखांतून वारंवार दिला जातो. त्यामागचा तर्क असा, की औषधाला दाद न देणाऱ्या जीवाणूच्या एखाद्या कळीच्या प्रथिनात बहुधा उत्परिवर्तन झालेले असते, त्यामुळे त्याची वाढ मंदावते आणि औषध नसताना तो इतर जीवाणूंपुढे मागे पडतो. हे खरे आहे, पण अर्धेच.

स्ट्रेप्टोमायसिन हे औषध जीवाणूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिने तयार करणाऱ्या यंत्रणेवर, घाला घालते. तेथील एस-१२ या प्रथिनातले एकच अमिनो आम्ल बदलले तरी औषध निष्प्रभ होऊ शकते. मात्र अशा काही बदलांमुळे प्रथिने तयार होण्याचा वेगही घटतो. १९९०च्या दशकात श्रॅग, पेरो आणि लेव्हिन या संशोधकांनी असे मंदावलेले ई. कोलाय जीवाणू औषधाविना पिढ्यानपिढ्या वाढवले. प्रतिरोध टिकून राहिला, आणि जनुकसंचात इतरत्र उत्परिवर्तने होऊन मंदावलेली वाढ बरीचशी भरून निघाली. पुढे या सावरलेल्या जीवाणूंत औषधाला बळी पडणारे मूळ जनुक परत बसवले, तेव्हा ते आपल्या प्रतिरोधी भावंडांपुढेच मागे पडले. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत बोलका प्रयोग आहे, कारण परत फिरणेच जीवाणूला महागात पडते हे त्यातून स्पष्ट दिसते. क्षयाच्या जीवाणूतही रिफाम्पिसिन या औषधाच्या प्रतिरोधाबाबत अशी भरपाई करणारी उत्परिवर्तने रुग्णांच्या नमुन्यांत आढळली आहेत.

वापर आवरल्याने फरक पडतच नाही, असे मी म्हणत नाही. फिनलंडमध्ये मॅक्रोलाइड औषधे (एरिथ्रोमायसिन ज्या गटात मोडते ती) कमी दिली गेल्यावर घशाच्या संसर्गातील स्ट्रेप्टोकोकसचा एरिथ्रोमायसिनला असलेला प्रतिरोध १९९२ मधील १६.५ टक्क्यांवरून १९९६ मध्ये ८.६ टक्क्यांवर आला. याउलट ब्रिटनमध्ये सल्फोनामाइड या जीवाणूरोधक औषधाचा वापर जवळजवळ संपुष्टात येऊनही लंडनमधील ई. कोलायच्या नमुन्यांतला त्याला असलेला प्रतिरोध १९९१ मध्ये ३९.७ टक्के होता, तो १९९९ मध्ये ४६ टक्के झाला. तेथे या प्रतिरोधाचे जनुक इतर औषधांच्या प्रतिरोधाच्या जनुकांसोबत एकाच प्लाझ्मिडवर (जीवाणूतील डीएनएच्या छोट्या, स्वतंत्र कड्यावर) बसलेले असल्याने, ती औषधे चालू असेपर्यंत त्यालाही आयता आश्रय मिळत राहिला.

म्हणून नवे प्रतिजैविक मंजूर करताना प्रतिरोधी जीवाणू किती वेळा उद्भवतात एवढेच न पाहता, त्यांची वाढ किती मंदावते आणि ती तूट किती पिढ्यांत भरून निघते, हेही तपासणे बंधनकारक असावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. हवी ती उत्परिवर्तने जनुकसंचात नेमक्या जागी, एकाच वेळी अनेक ठिकाणी घडवण्याचे तंत्र २००९ पासून उपलब्ध आहे. त्यामुळे निसर्गात ती घडण्याची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. अर्थात असे प्रयोग रोग निर्माण न करणाऱ्या प्रयोगशाळेतील वाणांवर आणि जैवसुरक्षेच्या कडक देखरेखीखालीच व्हायला हवेत.

आपला,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक शिक्षक