बॅटरीवर निम्म्याहून कमी ताकदीने चालणारा 'व्यावसायिकांसाठीचा' लॅपटॉप परत घेऊन पूर्ण रक्कम मिळणेबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय / महोदया,

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात राहते आणि व्हिडिओ संपादनाचे काम करते. लग्नसराईत लग्नांचे चित्रीकरण आणि त्यानंतर जत्रांच्या हंगामात दशावताराचे, असा माझा वर्षाचा क्रम असतो. दशावतार रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. मंडळींना पहिली झलक दुसऱ्या दिवशीच हवी असते. त्यामुळे देवळाच्या आवारात, गाडीत, कुणाच्या तरी पडवीत बसून काम उरकावे लागते. तिथे वीज असेलच असे नाही, आणि जनरेटर असला तरी तो रंगमंचाच्या दिव्यांसाठी असतो. म्हणून 'व्यावसायिकांसाठी, स्टुडिओची ताकद कुठेही' अशी जाहिरात पाहून तुमच्याच संकेतस्थळावरून मी हा लॅपटॉप १ लाख ८४ हजार रुपयांना घेतला.

आधी चांगले ते सांगते. पडदा उत्तम आहे. डीसीआय-पी३ (सिनेमासाठी वापरला जाणारा रंगांचा मोठा पल्ला) रंगपट्टा तुम्ही लिहिला आहे तसा खरोखरच मिळतो आणि दशावतारातल्या रंगवलेल्या चेहऱ्यांचे लाल-पिवळे रंग त्यावर बिघडत नाहीत. कीबोर्डही चांगला आहे. सोबतचा मोठा चार्जर भिंतीला लावला की यंत्र झपाट्याने चालते, याबद्दलही माझी तक्रार नाही.

तक्रार चार्जर काढल्यानंतरची आहे. चार्जरवर वीस-बावीस मिनिटांत होणारे ४के एक्सपोर्ट (संपादित चित्रफीत अंतिम फाइलमध्ये काढणे) बॅटरीवर तासाच्या वर जाते. टाइमलाइनवर, म्हणजे दृश्ये ओळीने मांडलेल्या पट्टीवर, रंगसंस्करणाचे दोन थर चढवले की चित्र अडखळू लागते. मी वॉट दाखवणारे सॉफ्टवेअर टाकून पाहिले. चार्जरवर ग्राफिक्स चिप ११५ वॉटपर्यंत जाते आणि बॅटरीवर चाळिसाच्या आसपास अडकते. 'परफॉर्मन्स मोड' निवडा, असे तुमच्या हेल्पलाइनवरून मला पुन्हा पुन्हा सांगण्यात आले. बॅटरीवर असताना तो पर्याय करडा होतो, निवडताच येत नाही. ही मर्यादा तुम्हीच घातली आहे आणि तुमच्याच हेल्पलाइनला ती माहीत नाही.

यामागचे कारण मला समजते. बॅटरी ९० वॉट-तासांची आहे, म्हणजे ९० वॉटचे काम ती तासभर चालवेल. विमानात परवानगीशिवाय सोबत नेता येणारी बॅटरी १०० वॉट-तासांपर्यंतच असते, त्यामुळे कोणतीही कंपनी त्यापुढे सहसा जात नाही. प्रोसेसर, ग्राफिक्स आणि पडदा मिळून १८० वॉट खाऊ लागले तर ९० वॉट-तास अर्ध्या तासात संपतील. शिवाय सेलमधून एका वेळी किती प्रवाह ओढायचा यालाही मर्यादा असते. म्हणून ताकद कमी केली जाते. हे तुमच्या अभियंत्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. मग जाहिरातीत 'कुठेही' हा शब्द कसा आला? त्याच पानावर '१८ तासांपर्यंत बॅटरी' असेही लिहिले आहे. ९० भागिले १८ म्हणजे सरासरी ५ वॉट. एवढ्या विजेत मंद उजेडात एखादी चित्रफीत पाहता येईल, संपादन होणार नाही. पूर्ण ताकद आणि १८ तास ही दोन वेगवेगळ्या अवस्थांची वर्णने आहेत. तुम्ही ती एकाच ओळीत शेजारी छापलीत, आणि वाचणाऱ्याला दोन्ही एकदम मिळतील असे वाटले.

'युएसबी-सी चार्जिंग' हा मुद्दाही तसाच. तो पोर्ट १०० वॉटच घेतो, हे संकेतस्थळावर कुठेही नाही. त्यावर जड काम चालू ठेवले तर चार्जर जोडलेला असूनही बॅटरी उतरत जाते. युएसबी-सीच्या मानकात २४० वॉटपर्यंतची सोय २०२१ पासून आहे, पण या यंत्रात ती नाही. म्हणजे २३० वॉटचा तुमचा मोठा चार्जर नेण्यावाचून गत्यंतर नाही. वजन 'फक्त १.८ किलो' लिहिले आहे. चार्जर आणि त्याची जाड वायर घरच्या काट्यावर ठेवली तर आणखी पाऊण किलोच्या वर भरते. ते वजनही माझ्याच खांद्यावर येते.

सेवा केंद्राने लॅपटॉप ठेवून घेतला आणि 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून परत दिला. चाचणी मोठा चार्जर लावून केली होती, हे जॉबशीटवरच (सेवा केंद्राच्या नोंदीच्या कागदावरच) लिहिले आहे. बॅटरीवर चाचणी करा असे मी अर्जात स्पष्ट मागितले होते. ती कोणी केली नाही.

यंत्र बिघडलेले आहे असे माझे म्हणणे नाही. महत्त्वाची माहिती दडवून ते विकले गेले, असे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(२८) प्रमाणे महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणारी जाहिरातही दिशाभूल करणारीच ठरते. हे यंत्र व्यावसायिक वापरासाठी घेतले असल्याने मी ग्राहक नाही, असे उत्तर कृपया पाठवू नका. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त मोडत नाही, हे कलम २(७) च्या स्पष्टीकरणात आहे. मी एकटी काम करते, माझ्याकडे नोकर नाहीत, आणि घर याच कामावर चालते.

माझी मागणी अशी की लॅपटॉप तुमच्या खर्चाने घेऊन जावा आणि जीएसटीसह पूर्ण रक्कम माझ्या खात्यात परत करावी. बदली यंत्र नको, कारण त्याच मॉडेलची मर्यादा तीच राहील. वॉरंटी वाढवून किंवा कूपन देऊनही हा प्रश्न मिटणार नाही. तसेच संकेतस्थळावर ग्राफिक्सची ताकद चार्जरवर, युएसबी-सीवर आणि बॅटरीवर किती वॉट, हे वेगवेगळे लिहावे आणि वजनात चार्जरचे वजन धरावे. जंगलात, शेतात, बांधकामावर काम करणारे कितीतरी लोक हेच वाचून पैसे साठवत असतील. त्यांना निदान घेण्याआधी कळू दे.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात होणे अपेक्षित आहे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवेन आणि सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागेन. राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा कायद्याने आहे आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही.

पावती, जॉबशीट, जाहिरातीच्या पानाची छायाचित्रे आणि चार्जरवरच्या व बॅटरीवरच्या माझ्या चाचण्यांचे पडद्याचे चित्रण (स्क्रीन रेकॉर्डिंग) सोबत जोडले आहे. लॅपटॉप मूळ खोक्यात भरून तयार आहे. कुरिअर कधी पाठवता ते आदल्या दिवशी कळवावे, म्हणजे मी घरी थांबेन.

आपली,
एक स्वतंत्र व्हिडिओ संपादक
जिल्हा सिंधुदुर्ग