पन्हळींसाठी दिलेल्या पैशांबद्दल

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठेही यायला नको, ही तुमची अट मी पाळते आहे. पण आभार चारचौघांत मानायचे, हा माझाही हट्ट आहे.

हॉर्निमन सर्कलजवळच्या आमच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये तुम्ही पहिल्यांदा आलात, तेव्हा दारातच विचारलंत, "चपला काढायच्या का?" मी नको म्हटलं, तरी काढल्यात आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसलात. नोकरीभर रोज चर्चगेटला उतरलो, पण ज्या चर्चवरून ते नाव पडलं ते आतून कधी पाहिलं नाही, म्हणालात. ते नाव मूळचं फोर्टच्या तटातल्या, या चर्चकडे येणाऱ्या दरवाजाचं. 1860च्या दशकात तट पाडला, दरवाजाही गेला; नाव तेवढं स्टेशनाच्या पाटीवर राहिलं.

पुढच्या खेपेला तुम्ही विचारलंत, "इथे पैसे कशाला कमी पडतात?" मी खरं ते सांगितलं. पन्हळींना. रंगीत काचांसाठी, संगमरवरी पुतळ्यांसाठी देणारा एखादा तरी भेटतो. पावसाळ्याआधी छपरावर माणूस चढवायचा, पन्हळींतला पाला काढायचा, भिंतीच्या सांध्यात रुजलेलं पिंपळाचं रोप मुळासकट उपटायचं, याला कोण पैसे देणार? पण पन्हळ एकदा तुंबली की पाणी भिंतीत उतरतं. घाईघाईने वर सिमेंट थापलं तर ओल आतच कोंडते आणि दगड सुटायला लागतो. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो, पण चुना मुरवायला वेळ लागतो आणि तो हात बसलेला गवंडी मिळायला त्याहून जास्त. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मग माझे पैसे पन्हळींना." तेव्हापासून पेन्शनमधली ठरलेली रक्कम एकाही महिन्यात चुकली नाही.

हे चर्च पैशांवाचून किती वर्षं अडलं होतं, ते तुम्हाला सांगायचं राहिलंच. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या काळात, 1676 मध्ये पाया घातला गेला. तो वारला आणि अर्धवट भिंती जवळजवळ चाळीस वर्षं तशाच उभ्या राहिल्या. 1715 मध्ये रिचर्ड कॉब या पाद्रीने वर्गणीसाठी आवाहन केलं, तेव्हा काम पुन्हा हललं आणि 1718 च्या नाताळात दारं उघडली. 2004 मध्ये जीर्णोद्धाराला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला, त्याचा आम्हाला अभिमान आहेच. पण पुरस्कारानंतरही दर जूनला पाऊस येतो, आणि त्या पावसाची तजवीज तुम्ही करता.

आमच्या भिंती नावांनी भरलेल्या आहेत. गव्हर्नर, कप्तान, तरुणपणी गेलेले अधिकारी, प्रत्येकाची संगमरवरी पाटी. पाटीचं मी विचारलं तेव्हा तुम्ही हात जोडलेत. मला तेव्हा थोडं वाईट वाटलं होतं, आता वाटत नाही.

एक आठवण मात्र तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. 1718 च्या त्या नाताळात मुंबईतले बडे शेणवी व्यापारी रामा कामत आपल्या लोकांना घेऊन दाराशी आले होते आणि उपासना संपेपर्यंत बाहेर उभे राहिले, असं कॉबनेच लिहून ठेवलं आहे. वाळकेश्वरचं देऊळ ज्यांनी 1715 मध्ये पुन्हा बांधलं, तेच हे. (पुढे कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याचा ठपका ठेवून ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना तुरुंगात टाकलं. ते वाचताना अजून जीव तुटतो.) तुम्हाला चपला काढताना पाहिलं, तेव्हा मला पहिल्यांदा तेच आठवले होते.

या नाताळला काकूंना घेऊन या. बाहेर थांबायचं नाही आणि शेवटच्या बाकावरही नाही. पुढून दुसऱ्या रांगेत दोन जागा धरून ठेवते. आणि हो, यंदाच्या पावसात उत्तरेकडची भिंत कोरडी राहिली.

तुमची,
मंडळीतली एक