सोनू, काठी घेण्याआधी हे वाच

चि. सोनू,

काल फोनवर तू मासे धरायला काठी कुठली घेऊ ते विचारलंस, पण नीट बोलता आलं नाही. आई शेजारीच बसली होती म्हणून हो-हो करून ठेवला, तुला वाटलं असेल बाबांना आवडलेलं नाही. तसं नाहीये गं. गणपतीत तू सहज विचारलंस मामाची काठी कुठे आहे आणि आई भरल्या पानावरून उठून आत गेली, ते तूही बघितलंस. तेव्हा तिच्यासमोर हा विषय नको, म्हणून टाईप करत बसलोय. लांबलं तर दोन वेळा वाच.

मामाची काठी माळ्यावर आहे. ती मागू नकोस, मी देणार नाही. आणि ती तुझ्या कामाचीही नाही, दहा फुटी जाड काठी आहे, खडपावरून, म्हणजे समुद्रातल्या कातळावरून, मोठा मासा ओढायला घेतलेली.

आता तू पाठवलेला तो सेट. नऊ फुटी टेलिस्कोपिक म्हणजे तुकडे एकात एक सरकणारी रॉड, ६००० साईजची रील म्हणजे दोरा गुंडाळायची फिरकी, वर डबाभर खोटे मासे फुकट, आणि सगळं दोन हजाराच्या आत. असा सेट घेऊ नको. टेलिस्कोपिक काठी बॅगेत मावते हे खरं, पण खाडीवरची बारीक रेती आणि खार तिच्या सांध्यात जाऊन बसतं, मग एखादा तुकडा बाहेरच येत नाही नाहीतर आतच जात नाही. दोन तुकड्यांची घे, स्कूटीला आडवी बांधता येते. आणि ६००० ची रील ही लांब फेकायला, जाड तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा भरायला असते. मुडदुशी आणि काळुंदर धरायला ती कशाला? दिवसभर हातात धरलीस की मनगट दुखेल आणि मासा चाटून गेलेला कळणारसुद्धा नाही.

तुला काय पाहिजे ते सांगतो. काठी साडेसहा फुटाच्या आसपास, लाईट पॉवर म्हणजे हलक्या ताकदीची. मुठीच्या वर बारीक अक्षरात छापलेलं असतं ते वाच, फेकायचं वजन ३ ते १२ ग्रॅम असं काहीतरी असेल आणि लाईन म्हणजे दोरा ४ ते ८ एलबी, म्हणजे पौंड. दुकानदार काहीही सांगू दे, तो आकडा बघ. निव्वळ कार्बनची काठी हलकी असते, शेंडा बोलतो, पण दगडावर आपटली की गेली. काचतंतूची म्हणजे फायबर ग्लासची जरा जड पण मार खाते. पहिलीच आहे तर दोन्ही मिसळून केलेली कंपोझिट मिळते ती घे, हजार-बाराशेत बसायला हरकत नाही. एवढं मात्र लक्षात ठेव की कार्बनमधून वीज जाते, म्हणजे आकाशात गडगडायला लागलं की काठी खाली ठेवायची आणि आडोशाला यायचं, आणि विजेच्या तारांखाली फेकायचं नाही.

दुकानात एक गोष्ट कर. कापसाचा छोटा बोळा घेऊन जा आणि काठीवर दोरा ओवायच्या प्रत्येक कडीतून आतल्या बाजूने फिरव. कापूस कुठे अडकला, एखादा तंतू जरी राहिला, तरी ती काठी परत दे. कडीतली बारीकशी चीर तंगूस कापत राहते आणि नेमका मासा लागला की तुटतं. शेंड्याची कडी आधी बघ, तिथेच जास्त दोष असतात.

रील २००० किंवा २५०० साईजची. शिमानोच्या साध्या रीलांमध्ये एफएक्स आणि सिएना आहेत, त्यातली कुठलीही चालेल, दुसऱ्या कंपनीची मिळाली तरी हरकत नाही, नावापेक्षा हाताला काय लागतं ते बघ. खोक्यावर दहा बेअरिंग, बारा बेअरिंग असं मोठ्या अक्षरात लिहितात त्यावर जाऊ नकोस. डेपोत आयुष्य गेलं माझं, वाईट बेअरिंग डझनभर घातली म्हणून गाडी चांगली चालत नाही. हँडल धरून पुढे-मागे हलव, किती ढिलं आहे बघ. मग सावकाश फिरव, आतले दाते घासल्यासारखं खरखर लागलं तर नको. मग ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागला की दोरा सोडणारा रीलचा ब्रेक, अर्धा घट्ट करून हाताने दोरा ओढ, तो एकसारखा सुटला पाहिजे, अडकून अडकून झटक्याने सुटत असेल तर ती रील बारीक दोऱ्याच्या कामाची नाही, कारण बारीक दोरा झटक्यानेच तुटतो. हलक्या सामानात सगळ्यात मोलाचा भाग ड्रॅग आहे, पैसे कुठे जास्त घालायचे तर रीलमध्ये घाल, काठीत कमी. सगळं मिळून चार हजाराच्या आत बसव.

आणि तू डावखुरी. काठी डाव्या हातात धरून फेकशील, तर हँडल उजव्या बाजूला लावून घे. स्पिनिंग रीलचं हँडल बहुतेक दोन्हीकडे लागतं, दुकानातच बदलून घे. आजी तुझा डावा हात ओढणीने बांधायला निघाली होती ते आठवतं का तुला, तू तिसरीत होतीस, आणि मामाने ती ओढणी सोडून तुझ्या डाव्या हातात तंगूस दिला होता. गाठ मारायला त्यानेच शिकवलं तुला. मला आजही तुझ्याइतकी पटकन गाठ येत नाही.

दोरा पहिल्यांदा साधा नायलॉनच भर, ६ एलबीचा, म्हणजे पावणेतीन किलोला तुटणारा. ब्रेडच्या म्हणजे विणलेल्या दोऱ्याच्या मागे आत्ता लागू नकोस, तो महाग, गुंता झाला तर सुटत नाही आणि बोट कापतो. साधा तंगूस थोडा ताणतो, त्यामुळे नवख्या हाताचा झटका सांभाळून घेतो. भरताना आधी बेल म्हणजे ती तारेची कमान उघड, मग स्पूलला म्हणजे दोरा गुंडाळतो त्या रिळाला गाठ मार, नाहीतर सगळा दोरा भरून झाल्यावर कळतं की कमानीच्या बाहेरून भरला. ओल्या फडक्यात चिमटीने धरून भर आणि कडेपासून दोनेक मिलिमीटर खाली थांब. काठोकाठ भरलास की पहिल्याच फेकीला वेटोळी उडून येतील. फेकून झाल्यावर कमान हाताने बंद कर, हँडल फिरवून नको, म्हणजे दोरा पिळत नाही. ड्रॅग किती ठेवायचा तर पाऊण किलो साखरेची पिशवी दोऱ्याला बांधून उचलायची, दोरा हळूहळू सुटत राहिला की झालं.

सोनू, आता ते दुसरं. तू फोटो पाठवलास ना, "बाबा इथे उभी राहून टाकणार" म्हणून, रत्नदुर्गाच्या खालची काळी खडपं. मी तो फोटो पुष्कळ वेळा मोठा करून बघितला. खालची पट्टी हिरवी दिसते, ते पावसाळ्याचं शेवाळ आहे, ते सुकत नाही एवढ्यात. नारळी पौर्णिमेला नारळ टाकला की लोकांना वाटतं समुद्र निवला. ट्रॉलरवाल्यांची बंदी ३१ जुलैला संपते म्हणून होड्या बाहेर पडतात, पण किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटेला त्या तारखेशी काही देणंघेणं नाही. दहा लाटा लहान येतात आणि अकरावी... जाऊ दे. मी ठरवलं होतं की एकदाच सांगायचं.

नाही, पूर्ण सांगतो, कारण ह्यात काठीचाही विषय आहे. हलक्या काठीने आणि ६ एलबीच्या दोऱ्याने खडपावरून मासा वर उचलता येत नाही. खाली वाकून, पाण्याच्या कडेला उतरून हाताने घ्यावा लागतो. पाठ समुद्राकडे होते, लक्ष माशात असतं. तिथेच होतं जे व्हायचं ते. मामा समुद्राचा माणूस होता, पोहायला कुणाला ऐकणारा नव्हता. तुला मी विहिरीत पोहायला शिकवलं त्याचा मला अभिमान आहे पण विहीर ती विहीर. तेव्हा खरं सांगतो, मी तुला हलकी काठी घे म्हणतोय त्यात माझा स्वार्थ आहे. ती काठी खडपावर कामाचीच नाही. ती खाडीची काठी आहे.

रागावू नकोस. तू कमावती झालीस, बँकेत लोकांचे पैसे सांभाळतेस, आणि मी तुला कुठे उभं राहायचं ते सांगतोय. परवा तुझ्या आत्याला मीच सांगत होतो, आमच्या सोनूने रत्नागिरीत खोली बघितली, गॅस घेतला, मला कशाला कशाला विचारलं नाही. आणि काठीचं मात्र मला विचारलंस. तुला माहीत नाही मला किती बरं वाटलं ते.

भाट्याला जा. पूल आहे, खाडी आहे, रेतीचा काठ आहे, माणसं असतात. मुडदुशी रेतीच्या तळालाच फिरते, तोंड लहान, ८ नंबरचा गळ घे, काळुंदरला १० चा, आणि गळाचा नंबर मोठा तेवढा गळ लहान हे दुकानात विसरू नकोस. पाच ग्रॅमचं सरकतं शिसं, त्याच्याखाली स्विव्हेल म्हणजे फिरती कडी, मग दीड फूट दोरा आणि गळ. कोळंबीचा नखाएवढा तुकडा लाव, जास्त नाही, नाहीतर कडेने खाऊन जातात. काळुंदरला मळलेल्या कणकेची गोळीही चालते. काठीचा शेंडा बघत बस, मुडदुशी टकटक करते, दुसऱ्या टकटकीला नुसतं मनगट उचल.

दिवस तिथीवरून धर. आजोबांचं गणित तुला येतं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा. येत्या रविवारी अष्टमीच आहे. सकाळी सहाच्या सुमाराला भरती पुरी होईल, मग ओहोटी लागेल. शिवाय भांग आहे, म्हणजे उधाणाच्या उलट, पाण्याला ओढ कमी, तुझं पाच ग्रॅमचं शिसं तळाला टिकेल. सर्वपित्रीला जाऊ नकोस, उधाणाचं पाणी हलकं शिसं वाहून नेतं आणि खडपावर तर... खडपाचं मी बोलणार नव्हतो. असो.

शेंगटी मासा लागला तर हाताने धरू नकोस. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा, विषारी असतात. पक्कड ठेव, नाहीतर दोरा कापून सोडून दे, गळ दोन रुपयांचा आहे. काटा लागलाच तर सोसेल एवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेव आणि डॉक्टरकडे जा. आणि बोटाएवढं काळुंदर आलं तर परत सोड. तसं तुला सांगायला नको, लहानपणी तो करकरा मासा कुरकुरायला लागला म्हणून तू रडून रडून माझ्याकडून खाडीत सोडवून घेतला होतास आणि रात्री जेवायला मासा नाही म्हणून आजोबा माझ्यावर चिडले होते.

घरी आलीस की ड्रॅग घट्ट करून रील नळाच्या बारीक धारेखाली धर, बादलीत बुडवू नकोस, पुसून वाळव आणि मग ड्रॅग सैल करून ठेव. काठीच्या कड्याही पुस. खारं पाणी एका रात्रीत काम करतं.

एवढं लिहून झालं आणि आई चहा ठेवून गेली. मी स्क्रीन उलटी केली तर म्हणाली, "तिका काठी घेवन देवा, पण खडपार जाव नको म्हणान सांगा." म्हणजे तिला काल फोनवरच सगळं कळलेलं. तेव्हा आता तिच्याशी तूच बोल, लपवू नकोस, भाट्याला जाणार आहे असं स्पष्ट सांग आणि कोणाबरोबर जाणार ते पण सांग. तुझी ती रूम पार्टनर येत असेल तर तिला घेऊन जा, तिला मासे नाही आवडले तरी वाळूत बसेल. एकटी जाऊ नकोस. हे शेवटचं.

चार हजार गुगल पे केलेत, परत पाठवू नकोस. रील घेतलीस की हँडल फिरवतानाचा व्हिडिओ पाठव, आवाजासकट, खरखर आहे का ते मी ऐकतो. बिल जपून ठेव.

बाबा