जिद्द राहू दे, अंतर सांग

सांगली,
20 जानेवारी 2025

प्रिय विज्या,

तुझी लांबलचक मेल मिळाली. हे सगळं फोनवरही बोलता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बस.

विमानात सिनेमा पाहिलास आणि विचारतोस की पॅरालिंपिकमध्ये, म्हणजे दिव्यांगांच्या ऑलिंपिकमध्ये, पोहण्याचं सुवर्ण जिंकणारा हा मुरलीकांत पेटकर खरंच होता, की सिनेमावाल्यांनी रचला. अरे होता काय विचारतोस, आहे! परवा 17 तारखेला राष्ट्रपती भवनात त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, जीवनगौरव म्हणून. माणूस आपल्या पेठचा. इस्लामपूरला जाताना आपण एसटी बदलायचो ते पेठ. त्याच यादीत दुसरं नाव होतं सचिन खिलारीचं, आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा, गोळाफेकवाला. एकाच्या सुवर्णपदकाला 52 वर्षं झालेली, दुसऱ्याच्या रौप्यपदकाला चार महिने. दोघंही सांगली जिल्ह्यातले आणि दोघांची नावं एकाच दिवशी. मी घरात एकटाच टाळ्या वाजवत होतो. आमची ही म्हणाली, शेजारी काय म्हणतील.

आता तुझा दुसरा प्रश्न. तुमच्या महाराष्ट्र मंडळात मुलांसमोर दिव्यांग खेळाडूंवर बोलायचंय आणि ‘काहीतरी जिद्दीचं’ पाठव म्हणतोस. तेवढं मात्र पाठवणार नाही. कारण सांगतो. मागे इथे एका सत्काराला गेलो होतो. मंचावर पॅरा खेळाडू बसलेला, आणि तीन वक्ते पाऊण तास जिद्द, चिकाटी, नियतीवर मात असं बोलत राहिले. त्या पोराने किती लांब फेकलं, कोणाला हरवलं, कितीने हरवलं, हे एकाच्याही तोंडून आलं नाही. माझ्यासारख्या जुन्या गोळाफेक्याचा जीव कासावीस होतो अशा वेळी. मैदानावरच्या माणसाबद्दल पहिली गोष्ट विचारायची ती अंतर किंवा वेळ. बाकी सगळं त्यानंतर.

आपला क्रिकेटचा चंद्रशेखर आठवतो ना? 1971 चा ऑगस्ट, तुझ्या आजोबांचा रेडिओ. लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडचा दुसरा डाव 101 वर आटोपला आणि चंद्राने 38 धावांत 6 घेतले. त्या माणसाला लहानपणी पोलिओ झाला होता आणि उजवा हात वाळून बारीक झालेला. चेंडू अडवला की फेकायचा डाव्या हाताने, पण गोलंदाजी त्याच उजव्याने! त्याचा लेगस्पिन मध्यमगतीच्या वेगाने यायचा. गुगली आणि टॉपस्पिन त्याच झपाट्यात. त्या बारीक हातामुळेच मनगटाला चाबकासारखा झटका मिळायचा असं पुष्कळ जण म्हणतात. हाताचं मला ठाऊक नाही, पण फलंदाजांची उडालेली धांदल खोटी नव्हती. इंग्लंडचा एड्रिच खेळायला आला तेव्हा चंद्राच्या मनात गुगली होती. आपल्या गोव्याच्या दिलीप सरदेसाईने त्याला सांगितलं, याला ‘मिल रीफ’ टाक. मिल रीफ म्हणजे त्या वर्षी इंग्लंड गाजवणारा शर्यतीचा घोडा. अर्थात, वेगवान टाक. चंद्राने टाकला आणि एड्रिचची बॅट खाली येईपर्यंत दांडी उडालेली होती.

सामना संपला तो दिवस गणेश चतुर्थीचा. तिथल्या आपल्या मंडळींनी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण आणून ओव्हलवर फिरवली होती. आपल्याला ते दुसऱ्या दिवशी कळलं आणि तू म्हणालास, आपल्या गणपतीपुढेही हत्ती आणू या. असो.

चंद्राने 58 कसोटींत 242 बळी घेतले आणि धावा केल्या 167. बळी धावांपेक्षा जास्त! आता मला सांग, चंद्राचं नाव निघालं की कोणी ‘बिच्चारा’ म्हणतं का? ‘अपंगत्वावर मात’ म्हणतं का? आधी ओव्हल म्हणतात, मग हात. पतौडीचंही तसंच. 1961 च्या जुलैत मोटारीच्या अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गेली आणि सहा महिन्यांत मद्रासला इंग्लंडविरुद्ध शतक. एका डोळ्याने चेंडूची लांबी कळत नाही, एकाऐवजी दोन दिसतात. मग टोपी उजव्या डोळ्यावर ओढून खेळून पाहायचं, उभं राहायची पद्धत बदलायची. हे सगळं त्याने शोधलं, नुसता धीर धरून बसला नाही. म्हणून एकविसाव्या वर्षी कर्णधार झाला. धडधाकट लोकांच्यात खेळल्यामुळे या दोघांचा हिशोब आपण धावाबळींनीच मांडला. पेटकर आणि खिलारीचा हिशोब मांडताना आपल्याकडे आकडेच नसतात, म्हणून जिद्द काढावी लागते.

तर पेटकरांचा हिशोब मांडू. मूळचा बॉक्सर. सैन्यात ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं-वाहनं दुरुस्त करणाऱ्या दलात, क्राफ्ट्समन. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, त्यातली एक मणक्यात राहिली, कमरेखालचं अंग गेलं. कित्येक महिने शुद्ध नव्हती. मुंबईच्या नौदल रुग्णालयात, अश्विनीत, व्यायाम म्हणून पाण्यात उतरवलं. तिथून 1968 ला तेल अवीवला टेबल टेनिस, आणि 1972 ला जर्मनीत हायडेलबर्गला पोहणं, दोन्ही पॅरालिंपिकला. 50 मीटर फ्रीस्टाइल, 37.33 सेकंद, सुवर्णपदक आणि जागतिक विक्रम.

आता या 37.33 वर थांब जरा. तू कॉलेजात पोहायचास, तुला कळेल. फ्रीस्टाइलमध्ये किक नुसती पुढे ढकलत नाही, पाय वर धरून ठेवते. किक बंद केलीस तर पाय खाली जातात, अंग तिरकं होतं आणि आख्खी कंबर पाणी अडवायला लागते. सुरुवातीची उडी आणि भिंतीला मारलेली लाथ, दोन्ही पायांचीच कमाई. ते सगळं वजा कर आणि मग नुसत्या खांद्यांवर 37.33 काढून दाखव. चांगला पोहणारा धडधाकट पोरगा पाय मारून चाळिशीच्या आत आला की खूष असतो. बॉक्सरचे खांदे होते म्हणून जमलं असेल का? मला तरी तसंच वाटतं. पायात राहिली नव्हती ती ताकद हातात आधीच होती, तिला पाणी सापडलं. ही कल्पना माझी हं, मुलांना सांगताना ‘दत्ताकाका म्हणतात’ असं सांग.

स्पर्धा हायडेलबर्गला का, हे तुला शेजारी राहून ठाऊक नसेल. ऑलिंपिक त्या वर्षी म्युनिकला होतं, पण तिथलं क्रीडाग्राम खेळ संपल्यावर लगेच फ्लॅट करून द्यायचं ठरलं होतं, म्हणून चाकाच्या खुर्चीवाल्यांना हायडेलबर्ग गाठावं लागलं, तेही ऑलिंपिकच्या आधी, ऑगस्टच्या सुरुवातीला. मग काही आठवड्यांनी म्युनिकला अमेरिकेच्या स्पिट्झने पोहण्यात सात सुवर्णं मिळवली आणि जगाला पोहणं म्हटलं की तेवढंच आठवू लागलं. ज्या ल्युडविग गुटमान नावाच्या डॉक्टरने हे खेळ सुरू केले तो मूळचा जर्मन ज्यू. नाझींमुळे 1939 ला देश सोडून इंग्लंडला गेला. तिथे स्टोक मँडेविल रुग्णालयात 1948 ला, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, मणक्याला मार बसलेल्या 16 सैनिकांच्या तिरंदाजीने सुरुवात केली. ते खेळ शेवटी जर्मनीत भरले आणि आपल्या पेठचा माणूस तिथे जिंकला. तुझ्यापासून 20 किलोमीटरवर, लेका.

आणखी एक गंमत. हायडेलबर्गला जायला पैसे लागत होते, तेव्हा मदतीला आले विजय मर्चंट, आपले जुने क्रिकेटपटू. अपंगांसाठी त्यांनी बरीच वर्षं काम केलं. हेच ते मर्चंट, ज्यांनी 1971 च्या सुरुवातीला निवड समितीत आपलं निर्णायक मत देऊन पतौडीचं कर्णधारपद काढलं आणि वाडेकरला दिलं. म्हणजे त्या वर्षी एका डोळ्याच्या कर्णधाराला घरी बसवणारा माणूस पुढच्याच वर्षी पेटकरांना पोहायला पाठवतो! मला यात विसंगती वाटत नाही. पतौडीला काढलं ते कर्णधार म्हणून. एरवी कोणालाही काढतात तसं. डोळ्याची सूट नाही आणि डोळ्यामुळे वगळलंही नाही.

पेटकरांना पद्मश्री मिळाली 2018 ला. अर्जुन आत्ता. नेमबाज अभिनव बिंद्राच्या ऑलिंपिक सुवर्णाच्या 36 वर्षं आधी देशासाठी वैयक्तिक सुवर्ण आणलेल्या माणसाची ही गत. यावर अजून लिहिलं तर माझा रक्तदाब वाढेल.

खिलारीकडे येतो, म्हणजे माझ्या विषयाकडे. शाळेत असताना सायकलवरून पडला, डावा हात मोडला, त्यात गँगरीन झालं. हात राहिला पण कोपराजवळचे स्नायू गेले. पुढे इंजिनिअर झाला, स्पर्धा परीक्षांच्या मुलांना शिकवत होता. आधी भालाफेक करायचा, खांदा दुखावला म्हणून गोळ्याकडे वळला. त्याचा वर्ग एफ46, म्हणजे एका हाताला दोष असलेले फेकवाले, आणि गोळा सहा किलोचा.

तू म्हणशील, गोळा तर उजव्या हाताने टाकायचा, मग डाव्याचं काय काम? मलाही सुरुवातीला सरांनी हेच शिकवताना रडवलं होतं. डावा हात आधी उघडतो, छाती ताणतो, आणि सुटायच्या क्षणी अंगाशी आवळून घ्यायचा असतो. डावी बाजू अशी गपकन थांबली की सगळा फिरता जोर उजव्या बाजूतून गोळ्यात जातो. डावा हात ढिला राहिला की अंग फिरत राहतं आणि गोळा पाच-दहा बोटं तरी आधी पडतो. शिवाय वजन उचलताना बार दोन हातांनी धरायचा असतो. एक हात नीट धरत नसेल तर ताकद कमवायची ती वेगळ्या वाटेने. सचिनने ती कशी कमावली हे त्याच्या तोंडून ऐकायची माझी फार इच्छा आहे.

पॅरिसला 4 सप्टेंबरला दुसऱ्याच फेकीत 16.32 मीटर. आशियाई विक्रम. त्याच्या आधीचा विक्रम 16.30, तोही त्याचाच, कोबेच्या जागतिक स्पर्धेतला, जिथे सुवर्ण घेतलं होतं. पॅरिसला सुवर्ण गेलं कॅनडाच्या ग्रेग स्ट्युअर्टला, 16.38. हा स्ट्युअर्ट 2 मीटर 18 सेंटिमीटर उंच! त्याला डावा हात कोपरापुढे जन्मापासून नाही. पण एवढ्या उंचीवरून गोळा सुटला की तो आपोआपच पुढे पडणार. हाताच्या दोषाचे वर्ग आहेत, उंचीचे नाहीत. कांस्य क्रोएशियाच्या बाकोविचला, 16.27. पहिल्या तिघांत अकरा सेंटिमीटरचा फरक. पॅरा म्हणजे स्पर्धा सोपी असं कोणी म्हणालं तर हे तीन आकडे त्याच्या तोंडावर फेक. आणि हो, पुरुषांच्या गोळाफेकीत पॅरालिंपिक पदक आपल्याला 1984 नंतर, म्हणजे 40 वर्षांनी मिळालं.

कुणाचं दुःख सांगूच नये असं माझं म्हणणं नाही. गोळ्या लागल्या, हात अधू झाला, हे सांगावंच. पण ते शेवटच्या दोन ओळींत आलं तरी चालतं. चंद्राचं तसंच तर करतो आपण.

मंडळाच्या कार्यक्रमाचं सांगतो. भाषण लहान कर. तुझ्या जिममधून सहा किलोचा डंबेल घेऊन ये आणि प्रत्येक पोराला एका हाताने मानेपाशी धरायला लाव. मग टेप काढून 16 मीटर 32 मोज आणि तिथे खडूची रेघ मार. पुढे सहा सेंटिमीटरवर दुसरी. तुमचा हॉल तेवढा लांब नसेल, तर बाहेर पार्किंगमध्ये मोज, पण डंबेल कोणाला फेकू देऊ नकोस. जर्मन पोलिसांना तोंड तू देशील, मी नाही.

वहिनींना नमस्कार. एप्रिलमध्ये येणार असशील तर आधी कळव, करगणीला चक्कर मारू. ऊन असेल तिकडे, टोपी आण.

तुझा,
दत्ता