अ‍ॅडलेडहून, विजय हजारेंच्या मैदानावरून

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार. व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो बघून कंटाळा आला, नीट काय ते लिहून पाठव, म्हणालास. तर घे, चष्मा पुसून बस.

गेल्या शनिवारी लेकीनं सुट्टीचा अख्खा दिवस आम्हा दोघांसाठी काढून ठेवला होता. एप्रिल म्हणजे इथं ऑस्ट्रेलियात पानगळ. ऊन छान, पण सावलीत शिरलं की स्वेटर लागतो. घड्याळ आपल्यापेक्षा बरोबर चार तास पुढं. आम्ही आठला बाहेर पडलो तेव्हा तू घोरत असणार.

आधी सेंट्रल मार्केट. १८६९ पासूनची मंडई आहे, सगळी एका छपराखाली. चीजच्या चकत्या, ऑलिव्हची पिंपं, मासळी, फुलं. आमच्या हिला कोथिंबिरीची जुडी दिसली आणि ती तिथंच अडकली. दर भावाचे मनातल्या मनात रुपये करायचे आणि ‘अगं बाई’ म्हणायचं, असं चाललं होतं. मी तोवर बेडूक खाल्ला. हसू नकोस, केक होता. १९२२ पासून इथली एक बेकरी करते: आत स्पंज, जाम, क्रीम आणि वरून हिरव्या साखरेचं जाडजूड कातडं, उघडं तोंड आणि दोन डोळे. ही डोळ्यांकडे बघून म्हणाली, मला नको. एक खाल्ला, पुरे झाला. दाढा अजून आठवण काढतात.

तिथून चालत लिटल गिल्बर्ट स्ट्रीट नावाच्या बोळात गेलो. तिथं १८८८-८९ साली बांधलेली दगडी मशीद आहे, उंटवाल्यांनी बांधलेली. इथल्या वाळवंटात घोडे टिकेनात म्हणून १८६६ साली कराचीहून शंभरावर उंट जहाजात घालून आणले आणि त्यांना हाकायला माणसंही. सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणायचे, पण त्यांत बलुची होते, सिंधी होते, पंजाबी होते. आणि कराची तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात! म्हणजे बघ, कागदोपत्री सांगलीपेक्षा ते उंट जास्त ‘मुंबईचे’. आपण तर संस्थानातले.

मग ट्राम. शहराच्या मध्यभागात ती फुकट आहे, त्यामुळं ही दोनदा चढली आणि दोनदा उतरली. म्युझियम उरकलं. चांगलं आहे, पण माझं सगळं चित्त नदीपलीकडं होतं.

अ‍ॅडलेड ओव्हल! टॉरेन्स नदीवरचा पादचारी पूल ओलांडला की समोरच. त्या दिवशी सामना नव्हता म्हणून आत फिरवून आणणारी टूर मिळाली. तीन बाजूंना नवीन चकचकीत स्टॅंड आहेत, ते मला कुठल्याही स्टेडियमसारखेच वाटले. पण उत्तरेला त्यांनी गवताचा उतार, मागचे वडासारखे प्रचंड वृक्ष आणि जुना धावफलक तसाच ठेवलाय. १९११ चा आहे आणि अजून हातानं चालतो. दिनू, आम्ही त्याच्या आत गेलो! अरुंद जिने, लाकडाचा आणि तेलाचा मिसळलेला वास, हातानं फिरवायची चाकं. फटीतून डोकावलं तर पूर्ण मैदान खाली. एका बाजूला नावांच्या पाट्यांची चळत, काळ्यावर पांढरी अक्षरं.

दाखवायला आलेले गृहस्थ ऐंशीच्या घरातले, हौसेनं काम करणारे. मी १९४८ ची भारताविरुद्धची कसोटी म्हटलं मात्र, ते लगेच म्हणाले, ‘ब्रॅडमन, २०१.’ म्हटलं, हो, आणि त्याच सामन्यात आमचे विजय हजारे, ११६ आणि १४५. ते थांबले. दोन्ही डावांत? लिंडवॉलसारख्या वेगवान गोलंदाजासमोर? मग मी सुरूच झालो. ऑस्ट्रेलिया ६७४. आपले ३८१, त्यात हजारेंबरोबर फडकरांचे १२३. फॉलोऑन. दुसऱ्या डावात मंकड शून्य, अमरनाथ शून्य, आणि एका टोकाला हजारे. लिंडवॉल ३८ धावांत ७ बळी. एक डाव आणि १६ धावांनी हरलो, पण कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारा पहिला भारतीय इथं झाला आणि तो आमच्या सांगलीत जन्मला. आणि फडकर कोल्हापूरचे, पन्नास किलोमीटरवर. (कोल्हापूरकरांना आपण एवढं श्रेय देतोय, नोंद कर.) म्हाताऱ्यानं खिशातून पेन्सिल काढली, टूरच्या कागदाच्या पाठीमागं ‘Hazare’ हे नाव मला स्पेलिंग विचारून लिहून घेतलं आणि पुढच्या लोकांना सांगेन म्हणाला. लेक मागं उभी राहून, बाबा बास आता, बाकीचे खोळंबलेत, अशा खुणा करत होती.

तो सामना ज्या फलकावर लागला तो हाच. २००३ च्या भारताच्या कसोटीचाही हाच. आठवतंय, तुझ्या घरी पहाटे घोंगड्या घेऊन बसलो होतो? आगरकरचे सहा बळी आणि द्रविडचे २३३. वहिनींनी चार वेळा चहा केला आणि पाचव्यांदा हाकललं.

आता तुझ्या खात्याची गोष्ट. मैदानाला लागूनच माँटेफिओरे टेकडी आहे, तिच्यावर कर्नल विल्यम लाइटचा पुतळा, शहराकडं बोट दाखवणारा. या माणसानं १८३७ साली हे गाव आखलं. मधोमध मोठा चौक, चार दिशांना चार लहान चौक, सरळसोट रुंद रस्ते आणि सगळ्याला वेढा घालून हिरवळीचा पट्टा, बराचसा अजून मोकळा. उभ्या आयुष्यात मी इतकं सोपं शहर पाहिलं नाही. हिलासुद्धा दुपारपर्यंत रस्ते पाठ झाले. पण लाइटला काय मिळालं? जागा चुकली म्हणून आधी शिव्या. मग वरून हुकूम आला की नेमकी मोजणी राहू दे, उरलेली जमीन भराभर मोजून मोकळा हो. त्यानं नकार दिला आणि १८३८ साली राजीनामा ठेवला. पुढच्याच वर्षी क्षयानं गेला. चबुतऱ्यावर त्याचे शब्द आहेत: ही जागा का निवडली ते आज कुणाला पटणार नाही, दोष द्यायचा की नाही ते पुढच्यांनी ठरवावं. मोजणी खात्यात तीस-बत्तीस वर्षं तू काढलीस, ‘साहेब, उद्यापर्यंत नकाशा द्या’ कितीदा ऐकलं असशील! मी तुझ्या वतीनं त्याला नमस्कार केला.

संध्याकाळी ट्रामनंच ग्लेनेल्गला, समुद्रावर. इथं सूर्य समुद्रात बुडतो, आपल्या कोकणासारखा. सिडनीवाल्यांच्या नशिबी ते नाही, आणि एवढ्या एका गोष्टीवर मी सिडनी रद्द केली. जेट्टीवर पोरं गळ टाकून बसली होती, आम्ही मीठ-व्हिनेगर मारलेले बटाट्याचे काप खाल्ले. सीगल पक्षी इतके निर्लज्ज की हिच्या हातातला एक काप उचलून गेले. ती त्यांना अस्सल सांगलीच्या भाषेत बोलली.

तुझ्या पासपोर्टचं काय झालं ते कळव. इथली कसोटी बहुतेक डिसेंबरात असते, लेकीकडं एक खोली रिकामी आहे, आणि गुडघ्याचं कारण सांगू नकोस, गवताच्या उतारावर खुर्ची नेता येते का ते मी विचारून ठेवतो. वहिनींना नमस्कार. भडंगाचा पुडा संपत आलाय, जूनमध्ये जावई भारतात येतील त्यांच्याबरोबर पाठव. तिखट.

तुझा,
बंडू